१९५५च्या आधीचा ‘मित्रोपा’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत युरोपातील क्लब स्पर्धांचा तक्ता १९५५च्या युरोपियन कपपासून (आजची चॅम्पियन्स लीग) सुरू होतो. त्याआधी काहीच नव्हते, असा वाचकांचा समज व्हायचा. पण प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टचे क्लब १९२७पासूनच एकमेकांच्या गावी जाऊन करंडकासाठी झुंजत होते. ‘मित्रोपा’ (म्हणजे मध्य युरोप) कप म्हणतात तो हाच.

कल्पना ऑस्ट्रियाचे फुटबॉल संघटक ह्यूगो माइस्ल यांची, आणि तिच्यामागे पोटाचा प्रश्न होता. १९२४ ते १९२६ या काळात ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी या तिन्ही देशांत व्यावसायिक फुटबॉल सुरू झाले. खेळाडूंना पगार द्यायचा तर गल्ला हवा, आणि घरच्या लीगवर तो भागेना. एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या, मग गोलांची बेरीज, ही आज सवयीची झालेली पद्धत तिथेही होती. पहिल्या अंतिम फेरीत स्पार्टा प्रागने रॅपिड व्हिएन्नाला घरी ६-२ धुतले. व्हिएन्नात १-२ असे हरूनही करंडक त्यांचाच.

१९२९मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी इटलीचे क्लब आले आणि रंग चढला. १९३२च्या उपांत्य फेरीत स्लाव्हिया प्रागने युव्हेंटसला ४-० हरवले. परतीच्या सामन्यात तुरिनमध्ये प्रेक्षकांतून आलेला दगड स्लाव्हियाचा गोलरक्षक प्लानिच्का याला लागला. संघ मैदान सोडून गेला, दोन्ही संघ बाद झाले आणि दुसरा उपांत्य सामना जिंकलेला इटलीचा बोलोन्या अंतिम सामना न खेळताच विजेता ठरला! कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉल संघांची ईर्षा पाहत वाढलेल्या माणसाला हे फारसे परके वाटत नाही. पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत, मिलानमध्ये १-२ हरून आलेल्या ‘ऑस्ट्रिया व्हिएन्ना’ क्लबने मिलानच्या इंटरला (तेव्हाचे नाव अँब्रोझियाना) घरी ३-१ नमवले. तिन्ही गोल त्यांच्या आघाडीवीर सिंडेलारचे.

मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्या व्हिएन्नात ही कल्पना जन्मली तिथलेच क्लब स्पर्धेतून गेले. माइस्ल आदल्या वर्षीच वारले होते. १९४०चा फेरेन्त्सवारोश विरुद्ध रॅपिड बुखारेस्ट हा अंतिम सामना झालाच नाही. युद्धानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली, १९९२पर्यंत रेटलीही, पण जुनी शान परतली नाही.

पुढच्या वेळी तक्ता छापताना १९५५च्या वर एवढी एक ओळ वाढवावी : १९२७, स्पार्टा प्राग.

आपला,
एक जुना फुटबॉलवेडा, कोल्हापूर