कव्हर पाठवतोय

मिरज, रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पाकिटात तुझ्या त्या एल्डन रिंग गेमच्या डिस्कचं कव्हर आहे. गणपतीत तू प्लेस्टेशन घेऊन आला होतास तेव्हा ते टीव्हीमागे पडलं असणार. आईला काल जळमटं काढताना सापडलं. डिस्क तिकडे आणि कव्हर इकडे असेल तर विकताना समोरचा आधी त्यावरच भाव पाडेल, म्हणून लगेच कुरिअर करतोय.

हो, विकताना. परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, चार हजार घातलेत, आता संपवायलाच लागेल." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण ते माझंच आहे. पानात टाकायचं नाही, घेतलंय ते संपवायचं. लहानपणी तुला पडवळाच्या भाजीपुढे तासभर बसवून ठेवायचो मी. आता तू तसाच गेममधल्या त्या किल्ल्याच्या दारात, मार्गिट नावाच्या शत्रूपुढे बसला आहेस. अकरा तास झाले म्हणतोस आणि आवाज तर परीक्षेत केटी लागल्यासारखा. अरे, भाजी निदान पोटात तरी जात होती.

गेम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. 2022 च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम तोच ठरला होता. पण त्यात सोपी पातळी निवडायची सोयच ठेवलेली नाही. शंभरदा मरायचं आणि एकशे एकाव्यांदा जिंकायचं, यात ज्याला मजा येते त्याच्यासाठी तो आहे. तुझा रूममेट तसा दिसतो, तू नाहीस. चार हजार गेले ते त्या दिवशीच गेले. आता रोज रात्री दोन तास चडफडत बसलास म्हणून ते परत येणार आहेत का? उलट डिस्क असल्यामुळे त्यातले निम्मे तरी येऊ शकतात.

मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा वर्ष संपलं की पुस्तकं घेऊन अप्पा बळवंत चौकात जायचो. दुकानदार पानं फर्रकन उलटायचा, पेनाच्या रेघा बघायचा आणि निम्म्या किमतीच्या आसपास आकडा सांगायचा. दुसऱ्या वर्षाचं एक जाडजूड पुस्तक मात्र मी ठेवून दिलं. एक अक्षर कळलं नव्हतं, पण "महाग आहे, कधीतरी वाचू" म्हणून ठेवलं. दोन वर्षांनी घेऊन गेलो तर अभ्यासक्रम बदललेला, नवी आवृत्ती आलेली. शेवटी ते रद्दीत किलोवर गेलं. तुझ्या डिस्कचंही असंच आहे. 2024 च्या जूनमध्ये त्या गेमला जोडायचा मोठा नवा भाग आला आणि दोन्ही एकत्र असलेली आवृत्तीही निघाली. तुझी नुसती पहिली आहे. जितका थांबशील तितका भाव उतरेल.

दुकानात रोख कमी देतील आणि बदल्यात दुसरा गेम घेतलास तर थोडं जास्त धरतील. त्या जास्तीच्या नादात गेल्या वर्षीचा फुटबॉलचा गेम उचलू नकोस. दर वर्षी नवा येतो, जुन्याला कुणी विचारत नाही. आधी कॉलेजच्या ग्रुपवर टाक, मग ओएलएक्स, दुकान सगळ्यात शेवटी. डिस्कवर ओरखडा असेल तर आपणहून सांग आणि घेणाऱ्याला समोर चालवून दाखव. तुझे अकरा तास कुठे जात नाहीत. कुठवर खेळलास त्याची नोंद, म्हणजे सेव्ह, डिस्कवर नसतो, तुझ्या प्लेस्टेशनमध्ये असतो. उद्या परत वाटलं तर जुनी डिस्क आणून तिथूनच पुढे खेळ.

लॅपटॉपवरच्या त्या शेतीच्या गेमचं मात्र घाईचं आहे, म्हणून आईने आजच व्हॉट्सअ‍ॅप केलंय. वाचलं नसशील म्हणून पुन्हा लिहितो. स्टीमवर, म्हणजे तू तो घेतलास त्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. तुझी 50 मिनिटं झालीत आणि 14 दिवस गुरुवारी संपतात. "बघू, पुढे मजा येईल" म्हणत आणखी सव्वा तास घातलास की संपलं. पैसे स्टीमच्याच वॉलेटमध्ये घेऊ नकोस, ज्या खात्यातून दिलेस तिथेच परत माग. वॉलेटमधले पुढच्या सेलमध्ये कसे उडतील ते तुला माहीत आहे. आणि याची सवय लावून घेऊ नकोस. फुकट खेळून बघायला कुणी सारखंच परत करायला लागलं तर ते ही सोय बंद करू शकतात.

प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात एवढी मोकळीक नाही. तिथेही 14 दिवस आहेत, पण एकदा डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे परतावा नाही. आपल्याकडच्या दुकानांत "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असायची, तिचाच हा नवा अवतार. 2020 च्या डिसेंबरमध्ये सायबरपंक 2077 हा गेम इतका रखडत चालला की सोनीने पैसे परत द्यायची तयारी दाखवली आणि तो दुकानातूनच काढून टाकला, पण तो अपवाद. म्हणून प्लेस्टेशनसाठी घेशील ते डिस्कवरच घे. महाग पडली तरी ती तुझी असते, विकता येते, कुणाला चार दिवस देताही येते.

रूममेटला फुकट देऊन टाकावी असं तुझ्या मनात येईल, तुझा स्वभाव आईवर गेलाय. दे हवी तर, पण आधी विचारून बघ. तो निम्मे पैसे आनंदाने देईल असं मला वाटतं.

कव्हरच्या आत कोडची एक चिठ्ठी आहे. तू वापरला आहेस की नाही ते मला कळलं नाही, वापरला असेल तर घेणाऱ्याला तसं सांग. शनिवारी येतोयस ना? पडवळ आणणार नाही.

तुझा,
बाबा