बाबा, रविवारी मी चुकीच्या शब्दांत बोलले

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी फोनवर तुमच्या पाठदुखीवरून मी "बाबा, ते थोडं मनाचंही असतं" असं म्हणाले आणि तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवलात, तेव्हापासून मला चैन नाहीये. आईने नंतर सांगितलं की रात्री तुम्ही नुसतं ताक घेतलंत आणि तिला विचारलंत, "मी काय सोंग करतो का गं?" बाबा, तुम्ही सोंग करत नाही. नाना काकांच्या तेराव्याला पाठीला पट्टा बांधून तुम्ही पंगतीत वाढत होतात आणि मी हातातून भांडं घ्यायला आले तर मलाच रागावलात, मी विसरलेले नाही. दुखतंय म्हणजे दुखतंयच. मला जे म्हणायचं होतं ते फोनवर नीट आलं नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही फोनवर पूर्ण ऐकून घेत नाही, पण पत्र वाचता, दोनदा वाचता.

आधी एक सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत धीर होणार नाही. मी तुम्हा दोघांचं अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, पुढच्या महिन्याच्या १२ तारखेचं, दोन्ही लोअर बर्थ, आणि इथे बडोद्यात एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुन्या दुखण्यांच्या दवाखान्यात, सहा आठवड्यांसाठी तुमचं नाव घातलंय. डॉक्टर आहेत, फिजिओथेरपी आहे आणि एक समुपदेशक मॅडमही आहेत. हो, तेच, ज्यावरून तुम्ही म्हणाल की "मला काय वेड लागलंय?" तसं अजिबात नाहीये बाबा. तुम्हाला न विचारता केलं हे चुकलं, मान्य, पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू दिवाळीनंतर" म्हणाला असता, मागच्या वर्षीही तेच म्हणाला होतात. मीच इंदूरला रामबागेत येऊन राहायचं असं आधी ठरवलं होतं, खरंच, पण चिनूची शाळा आणि ह्यांची नाइट शिफ्ट, जमेना. दादालाही विचारलंय, तो हो म्हणाला.

आता मनाचं. लहानपणी वाड्याच्या पायरीवरून पडले की तुम्ही काय करायचात आठवतं? गुडघा चोळायचात आणि म्हणायचात, "अगं बघ बघ, मुंगी मेली!" मी रडणं सोडून मुंगी शोधायला लागायचे, आणि गुडघ्यातून रक्त येत असायचंच, तरी दुखणं खरंच कमी व्हायचं. तुम्ही मला फसवत नव्हतात बाबा. मेल्झॅक आणि वॉल म्हणून दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, चोळल्याने, लक्ष दुसरीकडे गेल्याने ते थोडं लागतं, भीतीने आणि काळजीने आणखी उघडतं. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ ओढलेली तार नव्हे, एवढं नक्की झालं.

तुम्हाला प्रत्येक गोष्टीला व्हाउचर लागतं, तर हे घ्या. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या लोकांवर प्रयोग झाला. काहींना वेदनाशामक म्हणून जे दिलं त्यात औषध नव्हतंच, तरी त्यातल्या कित्येकांना बरं वाटलं. मग त्यांना नॅलोक्झोन दिलं, म्हणजे मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध, आणि दुखणं परत वाढलं! औषध दिलंच नव्हतं तर उतरलं काय? त्यांच्याच मेंदूने सोडलेलं मॉर्फिनसारखं द्रव्य. हे वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. मन म्हणजे कल्पना नव्हे, मन शरीरात खरोखर काहीतरी सोडतं नाहीतर अडवतं.

आणि तुमच्या आवडीचं, दुसऱ्या महायुद्धातलं. बीचर नावाचा डॉक्टर इटलीत जखमी सैनिकांवर उपचार करत होता, गंभीर जखमा, तरी बऱ्याच जणांनी मॉर्फिन मागितलंच नाही. त्याचं म्हणणं असं की त्या सैनिकासाठी जखमेचा अर्थ होता, सुटलो, आता घरी जायचं. जखम काय सांगते यावर दुखणं ठरतं. तुमची पाठ तुम्हाला काय सांगते माहितेय का? त्या एका डॉक्टरने एमआरआयची फिल्म खिडकीसमोर धरून म्हटलं होतं, "काका, मणके गेले तुमचे, आता वाकायचं नाही", मी शेजारीच उभी होते, आणि त्या दिवसापासून तुम्ही चप्पलसुद्धा आईकडून सरकवून घेता. ते वाक्य मला तेव्हाच अडवायला हवं होतं, अजूनही त्याचं वाईट वाटतं. बाबा, सत्तरीच्या बहुतेक माणसांच्या मणक्यात तशी झीज दिसते, ज्यांची पाठ कधी दुखली नाही त्यांच्याही. आणि नाना काका गेल्यापासून तुम्ही नेहरू पार्कला जाणं बंद केलं. दुपारी चारला, त्यांची हाक यायची त्याच वेळेला, दुखणं वाढतं, हे तुम्हीच मला सांगितलंत, तुमच्या लक्षात आलं नसेल. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. मलाही रडू येतं त्यांच्या आठवणीने.

आई, आता तुझं. मागच्या गणपतीत दादाने मखराला शेवंतीची माळ लावली आणि तुला आरतीच्या आधीच आठ-दहा शिंका आल्या, डोळे लाल, मी घाबरून माळ काढली तर ती प्लास्टिकची! आपण हसलो, तुला वाईट वाटलं होतं, मला दिसलं. पण १८८६ साली मॅकेन्झी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हेच लिहून ठेवलंय, गुलाबाची अॅलर्जी असलेल्या बाईसमोर त्याने नकली गुलाब धरला आणि तिचं नाक वाहायला लागलं. तिचं नाक खरंच वाहत होतं, तुझेही डोळे खरंच लाल झाले होते. आणि गाजर गवताची तुझी अॅलर्जी टेस्टमध्ये निघालीय, शेवंतीही त्याच कुळातली. स्टॅनफर्डला २०१८ मध्ये एक अभ्यास झाला, हातावर टोचून खाज आणली आणि डॉक्टर नुसतं म्हणाला "आता हे कमी होत जाईल", तर ज्यांना तसं सांगितलं त्यांची खाज जास्त लवकर ओसरली. म्हणून मी माणसाशी नीट बोलणारे डॉक्टर शोधलेत, त्यात महिना गेला.

पण म्हणून तुझा इन्हेलर बंद करायचा नाहीये, समजलं? दम लागला की आधी पंप, बाकी सगळं नंतर. आणि चिनूचं शेंगदाण्याचं प्रकरण तर मनाचं मुळीच नाही, एकदा त्याचे ओठ सुजून श्वास अडकला होता, तेव्हा अॅड्रेनलिनचं इंजेक्शनच कामी आलं. "थोडं थोडं देऊन सवय होते" हे घरी करायचं नाही, ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत. कुटाचा डबा इंदूरलाच ठेव. तुझी उपासाची खिचडी मी ओलं खोबरं घालून करेन, चालेल ना?

राहण्याची काळजी करू नका. खालची खोली दिलीय, जिना नाही, कमोड आहे, गीझर सकाळी सहाला लावून ठेवेन. कडक गादीचा दिवाण आणलाय. नईदुनिया टॅबवर येईल, अक्षरं मोठी करून देते. सकाळी कामाटीबागेत फिरायला जाऊ, आधी दहा मिनिटं, मग बघू. मॅडम मराठी बोलतात, पहिल्या दिवशी मी बाहेर बसेन, तुम्ही म्हणाल तर आत. नाहीच पटलं तर दोन आठवड्यांनी परतीचं तिकीट काढेन, भांडणार नाही.

तोपर्यंत मात्र ऐका. दुखण्याची गोळी उपाशीपोटी नाही, आणि दोन वेगळ्या गोळ्या एकत्र तर नाहीच, किडनीला त्रास होतो. बीपीची चुकवायची नाही. पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी, दादाला उठवा. आणि चप्पल स्वतः घालून बघा, एकदाच, पलंगावर बसून.

निळी फाइल आणि एमआरआयची फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा. गाडी बडोद्याला मध्यरात्री पोचते, झोपू नका, मी फोन करत राहीन, स्टेशनवर डब्यासमोरच उभी असेन.

तुमची,
ताई

ता. क. आई, लसणाची चटणी आण, पण दाण्याशिवाय. आणि बाबांना सांग, रागावले असतील तर रागावूनच या.