आधी कामकाज, मग संगणक

‘माहिती प्रणाली व्यवस्थापनातील संधी’ हा लेख वाचला. संधी आहेतच, पण संस्थेच्या कामकाजाला लागणारी माहिती जमवण्या-पुरवण्याचा हा विषय म्हणजे प्रोग्रामिंगची धाकटी पाती, हा लेखातला सूर पटला नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९६०च्या दशकात तो रुजला तो व्यवस्थापन शाखेत. कोणत्या निर्णयाला कोणती माहिती लागते, हाच मूळ प्रश्न होता. आपल्याकडे मात्र विद्यार्थ्यांचा ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा तोच तो प्रकल्प, बहुधा गेल्या वर्षीच्याच फाइलवरून. त्यापेक्षा त्यांना नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात पाठवा. संत्र्यांचा लिलाव, हमाली, अडत्याची वही ते शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबाची पट्टी, हा माग काढू द्या. कुठली नोंद दोनदा होते, कुठली होतच नाही, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. नागपूर विद्यापीठाने अशा क्षेत्रकामाला निदान एका विषयाइतके श्रेयांक द्यावेत.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर