सूचना : मधुमेही सभासदांची डोळे, पाय व मूत्रपिंड तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत, कोथरूडच्या आपल्या नेहमीच्या सभागृहात टाइप २ मधुमेह असलेल्या सभासदांची तपासणी आहे. ‘माझी साखर आटोक्यात आहे’ म्हणून कृपया घरी थांबू नका. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड बिघडू लागतात तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणूनच ही तपासणी दरवर्षी करायची असते.

• डोळे : बाहुली मोठी करणारे थेंब घालतील. त्यानंतर काही तास अंधुक दिसतं. दुचाकी अजिबात आणू नका, रिक्षाने या किंवा घरच्या कुणाला सोबत घ्या. गॉगल आणा.

• पाय : डोळे मिटायला सांगून १० ग्रॅम दाबाचा बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. जिथे कळत नाही तिथे जखम झाली तरी कळणार नाही, त्यामुळे अंदाजाने ‘हो’ म्हणू नका.

• मूत्रपिंड : लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) तपासतील. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर आधी सांगा.

उपाशी येऊ नका. गोळ्या, इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉलचे जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी सोबत हवी. मधुमेह किती वर्षांपासून आहे आणि तंबाखू-सिगारेटची सवय आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. धोका ठरवताना दोन्ही लागतं.

नावं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्या.

– कार्यवाह