वहिनींना केकची कृती, इंग्लंडमधल्या लेस्टरहून

॥ श्री ॥

लेस्टर,
श्रावणातला रविवार

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

केकचा फोटो बघून तुमचा लगोलग फोन आला, पण एका बाजूला छोटीचा आरडाओरडा आणि दुसऱ्या बाजूला आईचं "अंडं घातलंय का, ते आधी विचार" यात मापं सांगायची राहूनच गेली. "लिहून पाठवा भाऊजी, मी वहीत चिकटवते" म्हणालात, म्हणून हा कागद. आईला पहिल्यांदा एवढंच वाचून दाखवा: अंडं नाही, दही आहे. मग ती पुढचं ऐकून घेईल.

फोटोतलं ते लांबट काळं भांडं म्हणजे राइस कुकर नव्हे. त्याला इथे स्लो कुकर म्हणतात. बाहेर पत्र्याचं कवच, त्याच्या आत भोवतीने गरम होणारी तार आणि त्यात बसवलेलं जाडजूड चिनी मातीचं भांडं. वर काचेचं झाकण. शिटी नाही, वाफेचा दाब नाही. 'लो' आणि 'हाय' अशी दोनच बटणं. सकाळी डाळ-भाज्या टाकून कामावर जायचं आणि संध्याकाळी येऊन जेवायचं, असा सगळा मामला. दादा म्हणेल, एवढ्या वेळात आमच्याकडे शेंगोळे होऊन, खाऊन, भांडी घासून झाली असती. त्याचं खरंच आहे. पण त्याला म्हणावं, इथे घासायला मी एकटाच आहे.

ओव्हन का नाही वापरला, हे तुम्ही विचारणारच. ओव्हन आहे, पण तो मार्चपासून थंड पडलाय. घरमालक दर खेपेला "पुढच्या आठवड्यात माणूस येतो" म्हणतो. मला वाटायचं, हे वाक्य फक्त आपल्याकडच्या प्लंबरचंच आहे. त्यात इथली रीत अशी की ज्याचा वाढदिवस असेल त्यानेच ऑफिसात केक न्यायचा. विकतचा नेला तर कोणी काही बोलत नाही, पण घरचा नेला की लोक कागदाला चिकटलेलं चूरसुद्धा पुसून खातात. मग चॅरिटी शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणलेलं हे भांडं कामाला आलं. वीजही थोडी खातं. साडेतीन लिटरचं माझं भांडं 200 वॅटच्या आसपासचं. अडीच तास चाललं तरी जेमतेम अर्धं युनिट, आणि युनिटला साधारण पाव पौंड. ओव्हन 2000 वॅटच्या वरचा असतो.

हे भांडं निघालं कसं, ते वाचलं तेव्हा मला आपल्या आजीची आठवण झाली. शिकागोच्या इर्व्हिंग नॅक्सन नावाच्या इंजिनिअरला 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याची आई मूळची लिथुआनियाची, ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांच्यात विस्तव पेटवायचा नाही. म्हणून बायका शुक्रवारी घेवड्याच्या जातीचे दाणे, सातू, मांस असं सगळं एका हंड्यात भरून गावच्या बेकरीत नेऊन द्यायच्या. भट्टी विझली तरी तिची धग रात्रभर टिकायची, आणि दुसऱ्या दिवशी हंडा गरमागरम घरी. आईने सांगितलेली ही गोष्ट नॅक्सनच्या डोक्यात राहिली. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं नटवून 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं. बायका नोकरीला बाहेर पडत होत्या, त्यामुळे ते हातोहात खपलं.

तुम्ही लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. आजी दिवाळीपूर्वी मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून गावभागातल्या बेकरीत जायची. पाव भाजून झाले की उरलेल्या धगीवर ते लोक गिऱ्हाइकांच्या नानकटाया भाजून द्यायचे. ट्रेची अदलाबदल होऊ नये म्हणून आजी आपल्या प्रत्येक नानकटाईवर दोन चारोळ्या दाबायची, आणि तरी घरी आल्यावर डब्यात एखादी बिनचारोळीची निघाली की बेकरीवाल्याचा उद्धार करायची. त्याच्या उलट, एखादी जास्त भरली तर गप्प.

असो. कृती लिहून घ्या. चकलीच्या ऑर्डरींसाठी घेतलेला काटा घरात आहेच, म्हणून वाट्यांऐवजी ग्रॅममध्ये देतो.

मैदा 200 ग्रॅम, कोको पावडर 40, साखर 200, ताजं गोड दही 200, तेल 90 मिली (शेंगदाण्याचं नको, वास मारतं, सूर्यफुलाचं चालेल), कोमट दूध 100 मिली. बेकिंग पावडर 1 सपाट चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. एक चमचा इन्स्टंट कॉफी दुधात विरघळवून घाला. कॉफीची चव लागत नाही, पण चॉकलेट जास्त चॉकलेट लागतं. सोडा मोजताना हात सैल सोडू नका. जास्त झाला की केक फुगतो छान, पण साबणाची चव येते.

कोको घेताना डब्यावर बारीक अक्षरात 'अल्कलाइज्ड' लिहिलंय का बघा. ही हॉलंडच्या फान हौटेन घराण्याची 19व्या शतकातली युक्ती: कोकोवर क्षाराची प्रक्रिया करायची, म्हणजे त्याचा आंबटपणा जातो आणि रंग गडद येतो. पण आंबटपणा गेला की सोडा फसफसणार कशावर? ते काम आपल्याकडे दही करतं. म्हणून कोको कुठलाही असला तरी दह्याला कात्री लावू नका. माझा डबा बोर्नव्हिलचा. ते गाव इथून रेल्वेने गेलं तर बर्मिंगहॅमच्या पुढे लगेच. कॅडबरीवाल्यांनी 1879 मध्ये तिथे कारखाना नेला. छोटीला सांगा, काका चॉकलेटच्या गावाजवळ राहतो. नको, राहू दे, मग ती रोज पार्सल मागेल.

दही, साखर, तेल आधी घोटा, साखर विरघळेपर्यंत. कोरडं सगळं दोनदा चाळा. मग दोन्ही एकत्र करून दूध घाला आणि पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. भज्याच्या पिठासारखं फेटत बसलात तर केक चिवट होतो. भांडं आधीच बटर पेपर लावून, 'हाय'वर तापवून तयार ठेवायचं, कारण दही आणि सोडा भेटले की बुडबुडे सुरू होतात आणि ते कोणासाठी थांबत नाहीत. 'लो'वर केक करू नये. पीठ तासभर नुसतं कोमट राहतं, हवा निघून जाते आणि खाली दडस वडी बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकणाखाली सुती कापड. खरवसाच्या वेळी आई झाकणाला पंचा बांधते ना, तेच. वाफ काचेला लागते, तिचं पाणी होतं आणि टपाटप केकवर पडून वर खड्डे पडतात. कापड ते पाणी पिऊन घेतं. त्याची टोकं वर झाकणावर ओढून बांधायची, गरम पत्र्यावर लोंबकळू द्यायची नाहीत. आणि कापड नुसतं साबणाने धुतलेलं असावं. इथे लोक कपड्यांना सुगंधी औषध लावतात, तसल्या कापडाने केकला गुलाबाचा वास येतो.

दीड तासापर्यंत झाकण उचलू नका. मग एकदा बघा. कडा कागदापासून सुटून उभ्या राहिलेल्या असतात, आणि मधे ओंजळीएवढा भाग अजून चकाकत हलत असतो, कारण तार बाजूने आहे आणि धग आत पोचायला वेळ लागतो. कापड ओलं, जड झालेलं असतं आणि त्यालाच कोकोचा असा वास येतो की तेच चोखावंसं वाटतं. कापड बदला, आतलं भांडं अर्धं फिरवा, झाकण लावा. दोन ते अडीच तासांत मधे घातलेली सुरी ओलसर कण घेऊन निघते. पीठ लागलेलं नसलं की झालं. बटण बंद करून केक आतच ठेवायचा नाही. मातीचं भांडं तास-दीड तास गरम राहतं, कडा वाळतात. कागदाला धरून वर उचला आणि जाळीवर ठेवा. भांड्यात लगेच गार पाणी मात्र ओतू नका, तडकतं.

हा केक भाजलेला नव्हे, बराचसा वाफवलेला. भांड्यात आच शंभर अंशांच्या आसपासच राहते, आणि खरपूस तांबूस पापुद्रा यायला 140 च्या वर जावं लागतं. म्हणून व्हॅनिलाचा केक यात फिका, आजारी दिसतो. चॉकलेटचा मुळातच काळा, त्याला काय धाड भरली आहे! आतून मऊ, ओलसर, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला. भाजक्या केकच्या शौकिनांना तो आवडेलच असं नाही. माझ्या मते बिनक्रीमचा खायचा असेल तर हाच बरा.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणालात, येताना एक भांडं घेऊन या. आणता येईल, विजेचं जुळतं, इथेही 230 व्होल्टच. पण ते मातीचं धूड बॅगेत निम्मं वजन खाणार आणि बहुधा तुकडे होऊनच सांगलीत उतरणार. शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली आपल्याकडे लाइट जाते ती दीड-दोन तास. अर्धा झालेला केक मधेच बसला तर पुन्हा उठत नाही. तुम्हाला त्याची गरजच नाही. गणपतीसाठी मोदकपात्र माळ्यावरून काढालच, त्यातच करा.

वरची सगळी मापं निम्मी करा. सगळं पीठ एकदम भिजवून दोन घाणे करू नका, दुसऱ्या घाण्यापर्यंत सोड्याचा जोर ओसरलेला असतो. सहा इंची डब्याला तेल लावून तळाशी कागद घाला, पीठ निम्म्यापर्यंतच भरा, डब्यावर फॉइल सैलसर बांधा. पाण्याला आधी चांगली उकळी येऊ द्या, मग डबा आत ठेवून झाकणाला पंचा बांधा आणि मध्यम आचेवर 40-45 मिनिटं ठेवा. पंच्याची टोकं गॅसपासून वरच बांधा. पाणी मधे आटलं तर कडकडीत गरमच घाला. कुकरमध्ये मीठ पसरून, रिंग आणि शिटी काढून करतात तो वेगळा. त्यात खालून करपण्याची भीती असते, आणि कोरडा तापवून कुकर खराब होतो तो होतोच. मोदकपात्र बरं. आई म्हणेल, नैवेद्याच्या भांड्यात केक कसला. तिला सांगा, श्रावणात चालणाऱ्या वस्तू सोडून त्यात काहीही नाही. तरी कुरकुरली तर विसर्जनानंतर करा, एवढ्यावरून घरात वाद नको.

आणि एक, हे आईसाठी. तिने विचारलं होतं, यात घेवड्याची उसळ होते का. कोरेगावचा वाघ्या घेवडा काय किंवा राजमा काय, भिजवून तसाच स्लो कुकरमध्ये टाकायचा नाही. कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळाखळा उकळल्यावरच जातं, आणि नुसत्या मंद धगीवर राहून गेलं तर उलट्या-जुलाब ठरलेले. आधी पातेल्यात दहा मिनिटं चांगली उकळी काढायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग दाणे भांड्यात. घरी कुकरला लावता, तिथे हा प्रश्नच नाही.

बाकी इकडे ठीक. उन्हाळा म्हणतात, पण सकाळी स्वेटर लागतो. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानं आहेत, तूरडाळ, गूळ, पोहे सगळं मिळतं. भडंग म्हणून जे मिळतं ते खाऊन बघितलं आणि पुडी तशीच बांधून ठेवली. इकडे येणारं कोणी भेटलं तर दोन पुड्या पाठवा, तिखटच. हळद नको, मागची अजून आहे. आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी मी इथून रोज बघतो, पण दादाला सांगा, 40 फुटांच्या वर गेलं तर बातम्यांची वाट न बघता मला फोन करायचा. 2019 च्या पुरात तुमचा फोन लागेना तेव्हा माझे काय हाल झाले, ते त्याला माहीत नाही.

केक झाला की फोटो पाठवा, पण कापल्यावरचा, मधल्या तुकड्याचा. वरून सगळेच केक चांगले दिसतात. मधे ओला राहिला असेल तर किती मिनिटं वाढवायची, ते मी बघून सांगतो.

आई-बाबांना नमस्कार, छोटीला पापा.

कळावे,
तुमचा धाकटा दीर