पूर यायच्या आधी

नागपूर, २ जून

प्रिय वैशाली,

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, शाळेचाच निवारा होतो. तेव्हा मुलांचं काय करायचं, असं विचारलंस. शहरही यातून सुटत नाही गं. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला नि नाग नदीकाठच्या घरांत पाणी घुसलं.

पहिल्याच दिवशी एक खोली मुलांसाठी अडवून ठेव. तिथे एकदा धान्याची पोती पडली की ती परत मिळत नाही. मग हजेरी. नाव, वय, इयत्ता, मूळ शाळा आणि सध्या कुणाजवळ आहे, एवढं लिही. लागोपाठ दोन दिवस मूल दिसलं नाही, तर त्याच्या अंथरुणापर्यंत जाऊन बघ. मोठ्या मुली भावंडं सांभाळत मागे राहतात. त्यांना भावंडासकट बसू दे. एकटं पडलेलं मूल दिसलं तर लगेच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर.

वर्ग रोज ठरल्या वेळी, दोन तास पुरे. गाणं, गोष्ट, थोडं गणित. धडा जिथे थांबला होता तिथून लगेच सुरू करू नकोस, चाचणी तर नकोच. लहान माडिया मुलांशी माडियातच बोल. 'पुरात काय झालं सांग' म्हणून कुणालाही उभं करू नकोस; आपणहून बोललं तर शांतपणे ऐक. अंथरूण ओलं करणं, दचकणं, आईला न सोडणं सुरुवातीला चालायचंच. काही आठवड्यांनीही कमी होईना, तर डॉक्टरांना दाखव.

युनिसेफची एक शाळेची पेटी असते, ४० मुलांचं सामान मावणारी; झाकणाला काळा रंग दिला की त्याचाच फळा. तशी पत्र्याची ट्रंक आत्ताच भर: वह्या, पेन्सिली, खडू, मणी, चित्रं, दोरी, चेंडू.

खरी अडचण माणसांची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना आपत्ती निवारणाचं काम देता येतं. सगळा स्टाफ पंचनाम्याला गेला की वर्ग स्वयंसेवकांवर येतो, रोज नवा चेहरा, आणि मुलं बुजतात. म्हणून दोन शिक्षक मुलांपाशीच राहू द्यावेत, असं तहसीलदारांना आधीच लेखी दे. दोन अशासाठी की एकाचं स्वतःचं घरही पाण्यात असू शकतं.

कुटुंब दुसऱ्या गावी गेलं, तर टीसी मिळायला उशीर झाला किंवा वयाचा दाखला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याच कायद्याची कलमं ५ आणि १४ पालकांना सांगून ठेव. दाखल-खारीज रजिस्टरच्या पानांचे फोटो मात्र शाळा उघडायच्या आधीच काढ आणि मूळ रजिस्टर प्लास्टिकमध्ये बांधून सगळ्यात वरच्या फळीवर ठेव.

तुझी,
माधुरी