न्हाणीघराचं काम सोमवारी सुरू होतंय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. तुम्हाला न विचारता गवंड्याला आगाऊ पैसे देऊन टाकलेत. सोमवारी तो येईल. न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशा काढून खरखरीत बसवणार, भिंतीला धरायला दांडे, आणि कमोड. तुमची खाट माडीवरून खाली येईल. खिडकीशीच लावायला सांगितलंय, पहाटे प्राजक्ताचा वास येईल अशी. रेडिओची फळी हाताशी. देवघराचा उंबरा मात्र कुणी हलवणार नाही, आई. त्याच्या कडेला फक्त पिवळा पट्टा ओढू.

फोनवर तुम्ही "जरा घसरलो" एवढंच म्हणालात. आतून कडी होती, दार फोडावं लागलं, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. त्या रात्री मी पुण्यात गाढ झोपले होते, हे मनातून जात नाही.

माईचं मी तुम्हाला काय सांगावं! खुब्याचं हाड मोडल्यावरचे ते सात महिने. इस्पितळाचं बिल एकदाच भरलं, पण दिवसाची बाई, रात्रीची बाई, व्यायाम करून घ्यायला येणारे, बाबांची बिनपगारी रजा, याचा हिशेब कुणी मांडलाच नाही. आईच्या पाटल्या त्यात गेल्या, मला ठाऊक आहे. आता सत्तरीपुढच्यांना सरकारच्या आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ते कार्ड गणपतीत आले की काढू. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. घरी उठवून बसवणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. त्यापुढे या कामाचे ५२ हजार मला जड नाहीत, खरंच नाहीत.

"वय झालं की माणूस पडायचंच," असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, सगळ्यांत जास्त साठीपुढची, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वाचल्यापासून तर मुळीच नाही. बीपीच्या गोळीवर झटकन उठलं की येणारी अंधारी, पिकलेला मोतीबिंदू, झिजलेली स्लीपर, चिऱ्यावरचं शेवाळ. यातलं काय टाळता येत नाही, सांगा.

पावसात साकवावरून शाळेत नेताना तुम्ही माझं बोट धरून म्हणायचात, "अंगठे रोवून चाल गो." अजून ओल्या जागी माझे अंगठे आपोआप रोवले जातात.

आता माझं ऐका. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. विजेरी उशाशी. न्हाणीघराची कडी लावायची नाही, दार लोटलं की पुरे. आई, स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढायची नाही, खालच्या फळीवर आण. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या एकदा दाखवा, झोपेचीसुद्धा. आणि भीतीने चालणं सोडू नका बाबा, पायातलं बळ त्यानेच जातं. संध्याकाळी देवळापर्यंत जा, काठी घेऊन. काठीने माणूस म्हातारा दिसत नाही.

पुन्हा पडलात, नुसता तोल गेला, तरी मला त्याच दिवशी सांगा. मी ओरडणार नाही.

गवंडी आठला येईल. त्याला चहा द्या. फरशा सुकेपर्यंत दोघांनी काकूंकडे आंघोळ करायची, मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुमची,
बेबी